पूल ओलांडून गेलेले नाव

कोलकात्याला आज सगळे जग ‘सिटी ऑफ जॉय’ म्हणते. हे नाव मुळात कोलकात्याचे नाही. दोमिनिक लापिएर या फ्रेंच लेखकाची ‘ला सिते द ला ज्वा’ ही कादंबरी १९८५ साली आली, ती हुगळीच्या या काठावरच्या, हावड्यातल्या पिलखाना वस्तीवर. कादंबरीत तिचे नाव आनंदनगर. नाव पूल ओलांडून कोलकात्याचे झाले, वस्ती हावड्यातच राहिली. हावड्याचे श्रमही रोज असेच पूल ओलांडतात. रोलंड जोफे यांनी या कादंबरीवर १९९२ साली केलेला ‘सिटी ऑफ जॉय’ मी या बाजूने पाहतो.

हसारी पाल बायको-मुलांसह गाव सोडून शहरात येतो, हातरिक्षा ओढू लागतो आणि मुलीच्या लग्नासाठी पैसा जोडतो. ओम पुरी आणि शबाना आझमी यांनी हे घर असे उभे केले आहे की पटकथेचे दोषही काही वेळ विसरायला होतात. दांड्यांमध्ये वाकलेला ओम पुरींचा देह पाहताना कळते, की या माणसाकडे विकायला देहाशिवाय काहीच नाही. कष्ट, वर्ग आणि कुटुंब हे तीन विषय या एका देहात एकत्र येतात.

पण चित्रपट त्याच्याजवळ टिकत नाही. कादंबरीत बाहेरून आलेला मुख्य माणूस म्हणजे पोलिश धर्मगुरू कोवाल्स्की. अमेरिकन डॉक्टर मागाहून येतो. चित्रपटात पॅट्रिक स्वेझी यांचा डॉक्टर मधोमध येतो आणि हसारीचे कष्ट त्याच्या मनःशांतीच्या कामी येतात. दुसरा बदल अधिक गंभीर आहे. रिक्षा ओढणाऱ्याची नसते. गिऱ्हाईक मिळो न मिळो, मालकाला भाडे द्यावेच लागते. हा व्यवहार चित्रपटाला ठाऊक आहे. पण तो त्याचे रूपांतर मालकाच्या गुंड मुलाशी होणाऱ्या झुंजीत करतो. गुंड हरला की प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो. दुसऱ्या दिवशीच्या भाड्याचे काय, हे कोणी विचारत नाही.

कादंबरीतला सर्वांत भेदक व्यवहार तर गाळलाच आहे. तिथे हसारी हुंड्यासाठी जिवंतपणीच आपला सांगाडा विकतो. मुलीचे लग्न लागते आणि तो मरतो. हे कोणाला भडक वाटेल. पण मानवी सांगाड्यांच्या निर्यातीचे कोलकाता हे मोठे केंद्र होते आणि भारत सरकारने ती निर्यात बंद केली ती १९८५ सालीच. कष्टांनी झिजलेल्या देहाची उरलेली किंमत बाप लेकीच्या संसाराला देतो. वर्गव्यवस्था घरात कशी शिरते हे याहून स्पष्ट कसे सांगणार? चित्रपटात हसारी वाचतो, लग्न आनंदात होते. त्या सुखान्ताने प्रेक्षकाचीच सोय झाली आहे.

चित्रीकरणाच्या वेळी कोलकात्यात निदर्शने झाली होती. परक्यांनी आमचे दारिद्र्य का दाखवावे, असा त्यांचा सूर होता. मला तो आक्षेप पुरेसा वाटत नाही. बिमल रॉय यांनी १९५३ मध्ये ‘दो बिघा जमीन’मध्ये याच शहरातला रिक्षावाला दाखवला. तिथे शंभूचा शत्रू कोणी एक गुंड नाही. जमीनदार, कर्ज आणि कोर्टाने दिलेली मुदत मिळून त्याला हरवतात. शेवटी त्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहतो. फ्रेंच दिग्दर्शकालाही हे जमते. लोराँ कांते यांच्या १९९९ सालच्या ‘रेसुर्स युमेन’मध्ये बाप कारखान्यात यंत्रावर असतो आणि शिकलेला मुलगा त्याच कारखान्याच्या कार्यालयात उमेदवारीला येतो. बापाला कामावरून काढणार असल्याचे कळल्यावर मुलाला आपण कोणत्या बाजूचे, हे ठरवावे लागते. तिथे खलनायकाची गरजच पडत नाही. मराठीत जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने गिरणी संपाची झळ चाळीतल्या एका कुटुंबातून दाखवली, तीही याच जातीची.

म्हणून माझा आक्षेप दारिद्र्य दाखवण्याला नाही, काम न दाखवण्याला आहे. हावड्याला एकेकाळी पूर्वेचे शेफील्ड म्हणत. ओतशाळा, घुसुडीच्या ताग गिरण्या, बेलिलियस रोडवरचे लेथ, लिलुआचे रेल्वे वर्कशॉप यांनी हे शहर घडवले. पिलखान्यासारख्या वस्त्या या कामाच्या आधाराने वाढल्या. ‘सिटी ऑफ जॉय’मधली वस्ती मात्र रोग, पूर आणि गुंडगिरी यांनीच भरलेली आहे, रिक्षा सोडली तर तिथे कोणी काय काम करते हे फारसे कळत नाही. कामच दिसले नाही, तर माणसे दयेला पात्र एवढीच उरतात. ओम पुरींसाठी हा चित्रपट आजही पाहावा. मात्र पाहताना हसारीला कोण वाचवतो याऐवजी त्याची रिक्षा कोणाच्या मालकीची आहे, हे विचारत राहावे.