शॅरन! : एका नकलेचे रसग्रहण

नक्कल ही कला आहे की खोडी, याचा निकाल आमच्या घरात अजून लागायचा आहे. शाळेत मी गणिताच्या मास्तरांची नक्कल केली तेव्हा ती खोडी ठरली आणि तासभर बाकावर उभे राहावे लागले. तीच नक्कल मी त्याच मास्तरांच्या निरोपसमारंभात केली तेव्हा ती कला ठरली आणि खुद्द मास्तरांनी पाठ थोपटली. मधल्या काळात माझ्या नकलेत काही सुधारणा झाली होती असे नाही. मास्तर निवृत्त झाले होते, एवढाच फरक.

हे सगळे आठवायचे कारण आमचा भाचा शिरीष. २००३ साली तो अमेरिकेहून आला तो दोन गोष्टी घेऊन. आमच्या हिच्यासाठी बदाम आणि सर्वांसाठी ऑझी ऑस्बोर्न. बदाम महिन्याभरात संपले. ऑझी अजून पुरतो आहे.

ज्यांना हे गृहस्थ ठाऊक नसतील (मलाही नव्हते) त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हा रॉक संगीतातला बडा गवई. रॉक संगीत म्हणजे शेजाऱ्याने लावले तर गोंगाट आणि आपल्या मुलाने लावले तर पिढीचा प्रश्न! जन्म १९४८ चा, वाढला तो इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन या कामगारवस्तीत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग गवंड्याच्या हाताखाली, नळवाल्याच्या हाताखाली, कत्तलखान्यात, अशी मिळेल ती कामे. त्यातच एका कारखान्यात मोटारींचे हॉर्न सुरात लावायचे काम. मला या माणसाबद्दल पहिला आदर वाटला तो इथे. आपल्याकडे हॉर्न वाजवणारे घरटी दोन सापडतील. पण तो आधी सुरात लावावा लागतो हे कुणाच्या गावी आहे? पुढे १९६८ मध्ये त्याने मित्रांबरोबर ब्लॅक सॅबथ नावाचा वाद्यवृंद काढला, १९७९ मध्ये त्याला त्यातून काढून टाकले, आणि १९८२ साली भर कार्यक्रमात त्याने एका वटवाघळाचे डोके चावले. रबराचे वाटले म्हणे! त्यापुढे आमच्याकडचे रुसणारे गवई म्हणजे अगदीच सात्त्विक.

पण शिरीषने आणला तो हा ऑझी नव्हे. २००२ साली अमेरिकेत एम टीव्हीवर त्याच्या घरातला रोजचा संसारच मालिका म्हणून दाखवू लागले. राक्षस म्हणून गाजलेला हा माणूस घरात टीव्हीचे रिमोट हातात धरून हताश उभा असे. कुत्री गालिचे खराब करत, मुले भांडत, आणि हा पुटपुटत हिंडे. अमेरिकेतली वाहिनी प्रत्येक शिवीवर ‘पींऽऽ’ वाजवी, त्यामुळे निम्मे बोलणे पींऽऽ खाली जाई आणि उरलेले निम्मे ऑझीच्या तोंडातच राही. सर्वांना कळेल असा एकच शब्द त्या गदारोळातून वर येई, तो म्हणजे बायकोचे नाव. ‘शॅऽऽरन!’

शिरीषने ती नक्कल आमच्या गणपतीत मराठीतून केली. खांदे पाडून, गुडघे वाकवून, हात थरथरवत तो दिवाणखान्यात शिरला.

“अगं... हे... हे ते हे... मी हे दाबलं ना... तर ते... ते हेच... शॅऽऽरन!”

घर हसून लोळले. आमचे अण्णाकाका सर्वांत मोठ्याने हसले. उभी नोकरी तारखात्यात गेल्यामुळे कमी शब्दांत काम भागवणाऱ्याबद्दल त्यांना उपजत जिव्हाळा. “वा! एका शब्दात तार केली गड्यानं!” असे प्रशस्तिपत्रही त्यांनी दिले.

तेव्हापासून मी ऑझीच्या नकला जमवू लागलो. कुणी तिकिटे जमवतो तसे. शिरीषचे मित्र, शिरीषची मुले, पडद्यावरचे व्यावसायिक नकलाकार, शिवाय आंघोळीच्या वेळी अस्मादिक. या अभ्यासातून माझ्या ध्यानी आले की ऑझीच्या नकलाकारांची तीन घराणी आहेत.

पहिले शॅरन घराणे. हे लोक नुसती हाक मारून मोकळे होतात. हे घराणे म्हणजे ‘बेंबट्या’ एवढेच ओरडून नाटक झाले म्हणणाऱ्यांपैकी. दुसरे थरथर घराणे. यांचा सगळा भर हातावर आणि पाय घासत चालण्यावर. तिसरे पुटपुट घराणे. हे तोंडात भात धरून बोलल्यासारखे बोलतात. इंग्लंडातच बर्मिंगहॅमची बोली गावंढळ म्हणून हिणवली जाते. वाक्य शेवटाकडे खाली उतरत जाणारी, बोलणारा कंटाळला आहे असे वाटायला लावणारी ती बोली. आपल्याकडे नाटकातला गडी बाराही महिने मालवणी किंवा कोल्हापुरी बोलतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे या घराण्याच्या विनोदात निम्मा हशा ऑझीला नसून ॲस्टनच्या गल्लीला असतो.

तिन्ही घराण्यांचा एक दोष मला हळूहळू जाणवू लागला. ऑझीचे वाक्य धडपडत, ठेचकाळत जाई हे खरे. पण पुष्कळदा त्याच्या टोकाला एक नेमका चिमटा असे, आणि तो बहुधा स्वतःलाच काढलेला असे. नकलाकार ठेचा तेवढ्या घेत, चिमटा विसरत. दुसरे असे, की हाच माणूस गायला लागला की शब्दन् शब्द घंटेसारखा वाजे. मी त्याच्या जुन्या तबकड्या मुद्दाम ऐकल्या. गीते बहुतेक गीझर बटलर या त्याच्या साथीदाराने लिहिलेली. पण माझ्यासारख्या मॅट्रिकच्या इंग्रजीवाल्यालाही शब्द कळत होते! बोलताना न कळणारा माणूस गाताना कळतो, ही गोष्ट एकाही नकलेत नव्हती.

मग २०१७ मध्ये अण्णांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणे अडले. सारे समजत होते. बाहेर पडत होते मात्र तारेतल्यासारखे दोन-दोन शब्द. डॉक्टर म्हणाले, अशा बोलण्याला त्यांच्या शास्त्रातही तारेसारखे बोलणेच म्हणतात. तारखाते २०१३ साली बंद झाले, पण आमच्या घरी चालू राहिले.

आणि २०२० च्या जानेवारीत ऑझीने जाहीर केले, की त्याला पार्किन्सन आहे. इतकी वर्षे आम्ही थरथर घराण्याला टाळ्या देत होतो! दारू आणि औषधे त्याने आयुष्यभर ओतली होती, ते त्याने कधी लपवले नाही. पण आता त्या नकलेला हसताना माझे तोंड आपोआप मिटे. शिरीषनेही, न बोलता, नक्कल बंद केली. अण्णांसमोर तर कुणी विषयच काढीना.

२०२५ च्या ५ जुलैला ऑझीने आपला शेवटचा कार्यक्रम केला, ॲस्टनमध्येच, लहानपणीच्या घराजवळच्या व्हिला पार्क मैदानावर. उभे राहवत नव्हते, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, गेला.

त्या वर्षीच्या गणपतीत शिरीष आला होता. आरती सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे अण्णा खुर्चीतून सबंध आरती म्हणाले. एक अक्षर अडले नाही, मंत्रपुष्पांजलीसुद्धा नाही. बोलण्याचा आणि गाण्याचा रस्ता मेंदूत अगदी एकच नसतो, असे डॉक्टरांनी सांगितले होतेच. प्रसाद झाल्यावर अण्णांनी डाव्या हाताने शिरीषला खूण केली.

“तो... तुझा... गेला ना?”

“हो, अण्णाआजोबा.”

“कर.”

“काय करू?”

“नक्कल.”

शिरीषने माझ्याकडे पाहिले. मी समईकडे पाहिले. शेवटी बिचारा उठला आणि अर्ध्या मनाने पुटपुटला, थांबला, पुन्हा पुटपुटला. कुणी हसेना. अण्णांनी हात वर केला.

“चूक.”

“काय चुकलं?”

अण्णांनी कपाळावर बोट ठेवले. “शब्द... इथं... असतो.” मग ओठांवर. “हे... देत नाही.” थोडा वेळ गेला. आम्ही थांबलो. “तू... रिकामा... थांबतोस. आम्ही... भरलेले.”

वीस-बावीस वर्षे मी तीन घराण्यांचा अभ्यास करीत होतो, आणि जे मला पानभरात सांगता आले नसते ते तारखात्याच्या माणसाने अकरा शब्दांत पाठवले. ‘आम्ही’ या शब्दासकट.

शिरीषने पुन्हा सुरुवात केली. या वेळी तो थांबला तेव्हा शब्द त्याच्या डोळ्यांत दिसत होता. ओठांपर्यंत येत होता, परत जात होता. सगळे घर तो शब्द बाहेर यायची वाट पाहत होते. तो आलाच नाही. आली ती हाक. पण ती शिरीषच्या तोंडून नव्हे. अण्णांनी खुर्चीत ताठ बसून, छाती भरून, खणखणीत आरोळी ठोकली :

“सुमऽऽन!”

आतून काकूंचा आवाज आला, “अहो, ओरडताय कशाला? ऐकू येतं मला!”

त्यावर अण्णा जे हसले, त्याची नक्कल मात्र अजून कुणाला जमलेली नाही.