वाहन उद्योगाचा दुहेरी मार्ग आणि सरासरीचे गणित : एक चिकित्सा

पर्यावरणविषयक नियम उद्योगाला वळण लावतात, असे सामान्यतः मानले जाते. परंतु नियमातील मापनपद्धतीच उद्योगाला सोयीची वाट दाखवते काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील वाहननिर्मितीच्या संदर्भात तपासणे आवश्यक ठरते.

टाटा मोटर्सने २०२० साली नेक्सॉनची विद्युत आवृत्ती आणली. त्याच नावाच्या इंधनावरील मोटारीही विक्रीस राहिल्या. महिंद्राने २०१० मध्ये रेवा कंपनी ताब्यात घेतली, २०२४ मध्ये नव्या विद्युत मोटारी सादर केल्या. मात्र डिझेलवरील स्कॉर्पिओ सोडली नाही. हे धोरण व्यापारदृष्ट्या समर्थनीय होय. त्यामागील नियमाचे गणित मात्र चिकित्सेस पात्र आहे.

२०२२-२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात कर्बवायूची मर्यादा प्रत्येक मोटारीस नव्हे, तर कंपनीच्या एकूण विक्रीच्या सरासरीस लागू होते. ती प्रतिकिलोमीटर सुमारे ११३ ग्रॅम असून मोटारींच्या सरासरी वजनानुसार बदलते. शिवाय एक विद्युत मोटार शून्य उत्सर्जनाची व तीन मोटारींइतकी धरली जाते. उदाहरणादाखल, १३० ग्रॅमच्या नऊ मोटारी व एक विद्युत मोटार विकली, तर साधी सरासरी ११७ ग्रॅम येते. तिप्पट गणनेने ती ९७.५ होते. धूर तेवढाच राहतो, मर्यादा मात्र पाळली जाते.

'शून्य' ही कल्पनाही अपुरी आहे. पालघर जिल्ह्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून, तर डहाणूचे ५०० मेगावॉटचे कोळशावरील केंद्र १९९० च्या दशकापासून आहे. विजेवर धावणाऱ्या मोटारीचा धूर नाहीसा होत नाही. त्याचा काही अंश अशा कोळसा केंद्रांच्या परिसरात स्थलांतरित होतो. मासवणसारख्या गावांतून बोईसरच्या कारखान्यांकडे जाणारा कामगार ज्या दुचाकीवर वा रिक्षात बसतो, ती वाहने तर या सरासरीच्या कक्षेतच येत नाहीत.

आरंभीच्या भांडवली जोखमीसाठी सवलत आवश्यक होती, हे मान्य करावे लागेल. तथापि उत्तेजन म्हणून दिलेली सवलत कायमची ढाल बनू नये. ती टप्प्याटप्प्याने कमी करणे, वीजनिर्मितीचे उत्सर्जन हिशेबात घेणे आणि दुचाकींसाठीही अशीच मर्यादा आखणे या तीन सुधारणांशिवाय नियमाचे यश प्रामुख्याने कागदावरच राहील.