शुष्क नेत्रविकारावरील ‘ड्रीम’ चाचणी : प्लासिबो गटाच्या सुधारणेचे परीक्षण

शुष्क नेत्रविकारावरील औषधचाचण्यांमध्ये ‘ड्रीम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीला महत्त्वाचे स्थान आहे. ओमेगा-३ मेदाम्लांच्या सेवनाने कोरड्या डोळ्यांचा त्रास कमी होतो काय, हा या चाचणीचा प्रश्न होता. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि ते नकारात्मक होते. प्रस्तुत लेखात या चाचणीचा चिकित्सक परामर्श घेतला असून, प्लासिबो गटातील रुग्णांना मिळालेल्या आरामाचा अर्थ कसा लावावा, यावर त्याचा भर आहे.

विकाराचे स्वरूप पाहिल्यावाचून चाचणीतील अडचण ध्यानात येत नाही. डोळ्याच्या पृष्ठभागावरील अश्रूंचा पातळ थर पाणी, स्निग्ध द्रव्य आणि श्लेष्म यांच्या संतुलनाने टिकतो. ते संतुलन बिघडले की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, जळजळ होणे, वाचताना दृष्टी अंधूक होणे अशा तक्रारी सुरू होतात. चिकित्सक मात्र वेगळ्या गोष्टी मोजतो. १९०३ पासून प्रचारात असलेल्या शिर्मर चाचणीत पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी पाच मिनिटांत किती भिजते हे पाहतात. रंगद्रव्य घालून डोळ्याच्या पृष्ठभागावर किती डाग उमटतात तेही पाहतात. या दोन प्रकारच्या नोंदी एकमेकींशी फारशा जुळत नाहीत, हे या विकाराचे सर्वपरिचित वैशिष्ट्य होय. डाग भरपूर असूनही तक्रार नसलेला रुग्ण आढळतो, आणि तक्रारींनी हैराण झालेल्या रुग्णाच्या तपासणीत काही विशेष सापडत नाही. साहजिकच ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ यांत फरक करणे येथे अन्य विकारांपेक्षा कठीण जाते.

ओमेगा-३ विषयीच्या विश्वासाला काही आधार होता. ही मेदाम्ले दाहशामक मानली जातात आणि शुष्क नेत्रविकारात दाहाचा वाटा असतो. २००५ मध्ये अमेरिकेतील सुमारे ३२ हजार स्त्रियांच्या आहाराच्या पाहणीत, ज्यांच्या आहारात ही द्रव्ये अधिक होती त्यांच्यात हा विकार कमी आढळला होता. नंतरच्या काही लहान चाचण्यांतही अनुकूल निष्कर्ष आले. भारतात संगणकावर दीर्घकाळ काम करणाऱ्यांवर झालेली तीन महिन्यांची चाचणी त्यांपैकीच एक. परंतु आहाराची पाहणी सहसंबंध दाखवते, कार्यकारणभाव नव्हे. आणि वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या विकाराच्या बाबतीत तीन महिन्यांचा कालावधी अपुरा ठरतो. तरीही या कॅप्सूल सर्रास सुचवल्या जात होत्या.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या अर्थसाहाय्याने ‘ड्रीम’ चाचणी झाली. २७ केंद्रांवरील ५३५ रुग्ण, एक वर्षाचा कालावधी, यादृच्छिक विभागणी आणि दोन्ही पक्ष अनभिज्ञ, अशी तिची रचना होती. ३४९ रुग्णांना रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ आणि १८६ रुग्णांना प्लासिबो म्हणून ५००० मिलिग्रॅम ऑलिव्ह तेल देण्यात आले. रुग्णांचे सरासरी वय ५८ वर्षे होते आणि त्यांत ८१ टक्के स्त्रिया होत्या. आधीचे उपचार चालू ठेवण्याची सर्वांना मुभा होती. या सवलतीमुळे परिणाम झाकला जाण्याचा धोका होता, हे खरे. मात्र प्रत्यक्ष दवाखान्यात येणारा रुग्ण अश्रुसदृश थेंब घालतच येतो. त्या रुग्णाला अधिकचे काही मिळते काय, हाच व्यवहारातला प्रश्न असल्याने ही मुभा योग्यच म्हटली पाहिजे.

मुख्य मोजमाप म्हणून ‘ऑक्युलर सरफेस डिसीज इंडेक्स’ ही बारा प्रश्नांची, शून्य ते शंभर गुणांची प्रश्नावली वापरली गेली. गुण जितके अधिक तितका त्रास अधिक. ओमेगा-३ गटाचे गुण सरासरी १३.९ ने घटले, ऑलिव्ह तेलाच्या गटाचे १२.५ ने. सांख्यिकीय समायोजनानंतर दोन गटांतील फरक १.९ गुणांचा राहिला आणि तो योगायोगानेही संभवणारा होता. किमान दहा गुणांची सुधारणा पहिल्या गटात ६१ टक्के, तर दुसऱ्या गटात ५४ टक्के रुग्णांत दिसली. डोळ्यांवरील डाग, अश्रुपटल टिकण्याचा काळ आणि शिर्मर चाचणी यांतही अर्थपूर्ण फरक आढळला नाही. रुग्णांनी कॅप्सूल घेतल्याच नसतील, ही शंका रक्ततपासणीने दूर केली. सुमारे ८५ टक्के रुग्ण नियमित होते.

रुग्णाला जाणवेल असा बदल किती गुणांचा असावा, याचा शोध घेणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता तो बदल ७ ते ९.९ गुणांचा ठरवण्यात आला. याचा अर्थ असा की ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांची साडेबारा गुणांची सुधारणा ही जाणवण्याजोगी, खरीखुरी सुधारणा होती. या रुग्णांना भ्रम झाला होता असे म्हणून ती झटकून टाकता येत नाही. दुसरीकडे, दोन गटांतील फरकाची विश्वसनीयता-मर्यादा ओमेगा-३ च्या बाजूने जास्तीत जास्त पाच गुणांपर्यंतच पोहोचत होती. तेव्हा लाभ असलाच तरी तो रुग्णाला जाणवण्याइतका असण्याची शक्यता कमी, असा निर्णय चाचणी देते, आणि तो मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

मग प्लासिबो गट सुधारला कशाने? चाचणीत प्रवेशासाठी ठरावीक पातळीचा त्रास असण्याची अट होती. चढउतार असलेल्या विकारात रुग्ण चढाच्या काळात निवडला जातो आणि पुढे तो आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततो. सांख्यिकीत याला ‘सरासरीकडे प्रत्यावर्तन’ म्हणतात. शिवाय नियमित तपासणी, चालू असलेले अन्य उपचार आणि उपचाराची अपेक्षा यांचाही वाटा असणारच. यांतील कोणाचा वाटा किती, हे ‘ड्रीम’ सांगू शकत नाही, कारण काहीच न घेणारा तिसरा गट तिच्यात नव्हता. (पूर्व-चाचणी आणि उत्तर-चाचणी यांतील फरकालाच उपक्रमाचे यश मानणाऱ्या, नियंत्रित गट नसलेल्या शैक्षणिक संशोधनालाही हाच आक्षेप लागू पडतो. सर्वांत कमी गुणांचे विद्यार्थी निवडले की त्यांचे पुढचे गुण काही प्रमाणात आपोआप वाढतात.)

ऑलिव्ह तेल हे निष्क्रिय नाही, तेही दाहशामक असल्याने दोन्ही गट सुधारले, असा टीकाकारांचा युक्तिवाद आहे. तो वरवर बिनतोड वाटतो. पण पाच ग्रॅम म्हणजे जेमतेम चमचाभर तेल. भूमध्य सागराकाठच्या आहारात ते याहून कितीतरी अधिक असते. इतक्या तेलाने शुष्क नेत्रविकार आटोक्यात येतो असे मानायचे, तर ते स्वतंत्र चाचणीने सिद्ध करावे लागेल. आणि समजा ते सिद्ध झालेच, तर महागड्या मत्स्यतेलाची शिफारस करण्याचे कारण उरत नाही. हा युक्तिवाद मत्स्यतेलाच्या समर्थकांनाच अडचणीत आणतो.

टीकाकारांना अधिक बळकट आधार अन्यत्र मिळू शकला असता. मान्यताप्राप्त औषधांना हाच निकष तितक्या कठोरपणे लावला गेला काय? सायक्लोस्पोरिनच्या थेंबांना अमेरिकेत डिसेंबर २००२ मध्ये मान्यता मिळाली. शिर्मर पट्टीवर दहा मिलिमीटर वा अधिक वाढ औषध घेणाऱ्या सुमारे १५ टक्के रुग्णांत दिसली आणि औषधाविना तेच द्रावण घेणाऱ्या सुमारे ५ टक्के रुग्णांत. फरक खरा आहे. पण बहुसंख्य रुग्णांना ती वाढ मिळाली नाही, हेही तेच आकडे सांगतात. लिफिटेग्रास्टचा इतिहास तर अधिक बोलका आहे. ‘ओपस-१’ चाचणीत डोळ्यावरील डाग कमी झाले, पण लक्षणांचे उद्दिष्ट साधले नाही. ‘ओपस-२’ मध्ये कोरडेपणाची तक्रार घटली, डागांचे उद्दिष्ट हुकले. ‘ओपस-३’ मध्ये तक्रारीचे उद्दिष्ट पुन्हा साधले आणि जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. युरोपात मात्र निर्मात्या कंपनीने २०२० मध्ये अर्ज मागे घेतला. पुरावा तोच असताना अटलांटिकच्या दोन तीरांवर औषधाचे भवितव्य वेगळे ठरले. थेंबांच्या चाचणीत प्लासिबोही थेंबच असतो आणि तो कोरड्या डोळ्याला ओलावा देतोच, ही अडचण निराळीच. त्या दृष्टीने पाहता कॅप्सूलची चाचणी थेंबांच्या चाचणीपेक्षा स्वच्छ होती.

‘ड्रीम’च्या मर्यादा दृष्टीआड करता येत नाहीत. तिचे मुख्य मोजमाप लक्षणांवर आधारलेले आहे, आणि ती प्रश्नावली मागील आठवड्याच्या आठवणीवर विसंबते. वारा, वातानुकूलित खोली, रात्रीचे वाहनचालन यांविषयीचे प्रश्न तिच्यात असल्याने ऋतू आणि दिनक्रम बदलला तरी गुण बदलू शकतात. ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ मुळातच अत्यल्प आहे अशा रुग्णांची निवड करून ही चाचणी झालेली नाही; तेव्हा त्यांच्याविषयीचा प्रश्न खुला आहे. मात्र उपलब्ध पुराव्याचा रोख एकाच दिशेने आहे. वर्षभर ओमेगा-३ घेतलेल्यांपैकी ४३ रुग्णांची पुन्हा यादृच्छिक विभागणी करण्यात आली. २२ जणांचे ओमेगा-३ आणखी एक वर्ष चालू ठेवले, तर २१ जणांना त्याऐवजी ऑलिव्ह तेल दिले. संख्या लहान आहे. पण ज्यांचे मत्स्यतेल बंद झाले, त्यांचा त्रास दुसऱ्या वर्षी इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या वाढला नाही.