एका सल्ल्यानं पिचर घडतो का? सँडी कोफॅक्सचं चरित्र वाचताना

मागच्या पोस्टवर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की ‘कोरिलेशन म्हणजे कॉजेशन नव्हे’ हे वाक्य पाठ आहे, पेपरात लिहितोही, पण प्रत्यक्षात ते वापरायचं कसं? आज त्यासाठी एक पुस्तक घेतलंय, आणि ते संशोधनपद्धतीचं नाही. बेसबॉलच्या एका पिचरचं चरित्र आहे. जेन लीव्ही या अमेरिकन क्रीडापत्रकार बाईंनी लिहिलेलं ‘सँडी कोफॅक्स : अ लेफ्टीज लेगसी’, 2002 साली आलेलं. पुस्तक चांगलं आहे, हे आधीच सांगतो. म्हणूनच त्याच्याशी भांडायला मजा येते.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. पिचर म्हणजे बॉलरच समजा, फक्त कोपर वाकवून फेकायला त्याला पूर्ण मोकळीक. 60 फूट 6 इंचांवरून तो चेंडू टप्पा न पाडता फेकतो. बॅटरला तीन ‘स्ट्राइक’मध्ये बाद केलं की स्ट्राइकआउट. चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेले की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो, तो वॉक. आणि पिचरनं नऊ इनिंगमागे सरासरी किती रन दिले (क्षेत्ररक्षकांच्या चुकांचे सोडून), तो त्याचा ईआरए. जितका कमी तितका भारी. एवढ्यावर आपलं काम भागतं.

आता कोफॅक्स. 1935 साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला डावखुरा ज्यू मुलगा. 1955 ला ब्रुकलिन डॉजर्सकडून पदार्पण. पहिली सहा वर्षं मिळून 36 विजय, 40 पराभव. म्हणजे सामान्यच. चेंडूला वेग प्रचंड, पण जाईल कुठं याचा भरवसा नाही. 1961 पासून चित्र पालटतं. 1962 ते 1966 सलग पाच वर्षं नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए त्याचाच. तीन वेळा साय यंग पुरस्कार, तोही दोन्ही लीग मिळून एकच दिला जायचा त्या काळात. 1965 मध्ये एका हंगामात 382 स्ट्राइकआउट. आणि 1966 संपताना, 27 विजय आणि 1.73 ईआरए नावावर असताना, वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्ती.

सहा वर्षं साधारण, सहा वर्षं असाधारण. असा आलेख दिसला की आपल्याला मधल्या वळणावर एखादी घटना हवीच असते, आणि इथं ती तयार आहे. 1961 चा वसंत, ऑरलँडोमधला सराव सामना. कोफॅक्सनं सुरुवातीलाच वॉक देऊन बेस भरले. कॅचर नॉर्म शेरी त्याच्याकडे गेला आणि साधारण असं म्हणाला की अरे, इतक्या जोरात फेकू नकोस, त्यांना मारू दे. कोफॅक्सनं जोर कमी केला, चेंडू जागेवर पडू लागले आणि इतिहास घडला. कोफॅक्सबद्दल काहीही वाचा, हा प्रसंग येतोच. लीव्हींच्या पुस्तकातही येतो.

आता तुम्ही सांगा, एका सल्ल्यानं हे झालं, हे तपासायचं कसं?

पहिली गोष्ट, परिणाम कशावर व्हायला हवा ते ठरवा. ‘तो भारी झाला’ हे मोजता येत नाही. शेरीचा सल्ला नियंत्रणाबद्दल होता, तेव्हा वॉक बघायला हवेत. नऊ इनिंगमागे कोफॅक्सचे वॉक असे : 1958 मध्ये जवळपास 6, 1959 मध्ये 5.4, 1960 मध्ये 5.1, आणि 1961 मध्ये एकदम 3.4. हेच वर्ष सल्ल्यानंतरचं. शिवाय स्ट्राइकआउट नऊ इनिंगमागे 10.1 वरून साडेनऊच्या आसपास आले, म्हणजे किंचित घटले. जोर कमी करून अचूकता वाढवली तर नेमकं असंच दिसायला हवं. इथवर गोष्ट टिकते. मला तर थोडं आश्चर्यच वाटलं, कारण असल्या आख्यायिका आकड्यांसमोर सहसा पहिल्याच फटक्यात पडतात.

पण उतार आधीपासून होता हेही बघा. 6, 5.4, 5.1. कल चालूच होता, 1961 ला तो अचानक तीव्र झाला. आणि त्या वर्षी अजून काय बदललं? त्याला नियमित खेळवलं गेलं. 1960 मध्ये 175 इनिंग, 1961 मध्ये 255 च्या वर. ज्या पिचरला पुढची पाळी कधी येणार हेच माहीत नसतं, त्याची लय कशी बसणार? आपल्याकडे रणजीतही हे दिसतं. शिवाय डॉजर्सकडे ॲलन रॉथ नावाचा आकडेतज्ज्ञ होता. 1947 पासून तो प्रत्येक चेंडूची नोंद ठेवत होता आणि कोफॅक्सला ते आकडे दाखवतही होता. सल्ला, नियमित संधी, आकडे आणि पंचवीस वर्षांचं वय हे सगळं एकाच वर्षात एकत्र आलं. नमुना एकच माणूस. यातून शेरीचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि काढता येत नाही असं लिहिणं हे संशोधनात पूर्ण वाजवी उत्तर आहे. गाईड नाराज होतील, होऊ देत.

यापुढची गंमत तर जास्त आहे. कोफॅक्स ‘महान’ ठरला तो 1961 च्या आकड्यांवर नाही. त्या वर्षी त्याचा ईआरए 3.52 होता, चांगला, पण देव म्हणावा असा नाही. 1962 ला 2.54, 1963 ला 1.88. आणि याच दोन वर्षांत त्याच्या आजूबाजूचं सगळंच बदललं. 1961 पर्यंत डॉजर्स लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये खेळायचे. तिथं डावीकडची सीमा जेमतेम 251 फुटांवर, म्हणजे डावखुऱ्या पिचरसाठी शिक्षाच. 1962 ला नवं डॉजर स्टेडियम उघडलं, पिचरला धार्जिणं. तिथला कोफॅक्सचा ईआरए 1.37, आणि सगळ्या कारकिर्दीचा 2.76! त्याच वर्षी लीगमध्ये दोन नवे संघ आले, म्हणजे कच्चे बॅटर वाढले. कोफॅक्सचा पहिला नो-हिटर (पूर्ण सामन्यात समोरच्याला एकही हिट नाही) 1962 ला आला, तो त्यातल्याच एका नव्या संघाविरुद्ध, न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध. मग 1963 ला स्ट्राइकची चौकट नियमानं मोठी केली : वर काखेऐवजी खांद्यापर्यंत, खाली गुडघ्याच्या वरच्या कडेऐवजी खालच्या कडेपर्यंत.

इथं एक छोटा हिशेब करा. कागद घ्याच. 1962 ते 1963 या एका वर्षात सबंध नॅशनल लीगचा ईआरए 3.94 वरून 3.29 वर आला, घट 0.65. कोफॅक्सची घट 2.54 वरून 1.88, म्हणजे 0.66. वजाबाकी केली तर कोफॅक्सनं स्वतः काहीच सुधारणा केली नाही असं निघतं! पण टक्केवारी काढा. लीगची घट साधारण 16 टक्के, कोफॅक्सची 26. आता तो लीगच्या पुढं गेलेला दिसतो. आकडे तेच, निष्कर्ष वेगळे. कोणता बरोबर? ते नियमातल्या बदलाचा परिणाम बेरजेनं होतो की गुणाकारानं, यावर अवलंबून आहे, आणि हे गृहीतक आकड्यांतून निघत नाही, ते तुम्हाला खेळ समजून घेऊनच ठरवावं लागतं. ‘डिफरन्स इन डिफरन्सेस’ ही पद्धत सॉफ्टवेअरचं बटण दाबून चालवणाऱ्यांनी इथं दोन मिनिटं थांबावं. माझं मत विचाराल तर गुणाकार. 1.88 वाल्याकडे कमी करायला मुळात शिल्लकच थोडं असतं. आणि त्याच वर्षी त्याचे वॉक 1.7 वर आले ते केवळ चौकट वाढल्यानं, हे मला पटत नाही.

लीव्हींच्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार इथंच आहे. त्यांनी रचना फार देखणी केली आहे. 9 सप्टेंबर 1965 च्या परफेक्ट गेमच्या नऊ इनिंग (27 बॅटर आले, एकही बेसवर पोचला नाही) एकामागून एक येतात आणि मधल्या प्रकरणांत आयुष्य सांगितलं जातं. कोफॅक्स प्रसिद्धीपासून दूर राहणारा माणूस. बाईंनी शेकडो लोकांशी बोलून त्याला उभा केला, ते काम थक्क करणारं आहे. पण या रचनेत शेवट पहिल्या पानापासून ठरलेला आहे. 1955 चा चाचपडणारा पोरगा आपण 1965 च्या रात्रीतून बघतो, मग त्याची प्रत्येक अडचण ‘तयारी’ वाटू लागते. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही हाच धोका असतो. निकाल माहीत असल्यावर लिहिलेली कारणं नेहमी गुळगुळीत असतात.

याला उतारा म्हणून कार्ल स्पूनर आठवा. तोही डॉजर्सचाच, तोही डावखुरा, कोफॅक्सच्या जेमतेम आधी आलेला. 1954 च्या सप्टेंबरमध्ये पदार्पणात 15 स्ट्राइकआउट, पुढच्या सामन्यात 12, दोन्ही सामन्यांत समोरच्याला शून्य रन. कोफॅक्सची सुरुवात याच्या जवळपासही नव्हती. पुढच्याच वसंतात स्पूनरचा खांदा दुखावला. 1955 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सहाव्या सामन्यात एका इनिंगमध्ये एकच बॅटर बाद करून पाच रन दिले, आणि मोठ्या लीगमधला तो त्याचा शेवटचा सामना. वय 24. त्याला कोणी सल्ला दिला नसेल का? दिला असेलच. तो सल्ला कुणी लिहून ठेवला नाही, कारण तो लागू पडला नाही. महान पिचरांच्या चरित्रांतून ‘महानतेची कारणं’ शोधणारा अभ्यास स्पूनरशिवाय अपुराच.

टॉमी लसोर्डाही याच हिशेबातला. त्या वेळच्या नियमानुसार मोठा बोनस घेतलेल्या नवख्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवावं लागायचं, म्हणून 1955 मध्ये कोफॅक्ससाठी जागा करायला पिचर लसोर्डाला खालच्या लीगमध्ये धाडलं. पिचर म्हणून तो मोठ्या लीगमध्ये एकही सामना जिंकला नाही. नंतर डॉजर्सचा मॅनेजर झाला आणि 1981 आणि 1988 ला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली, ते वेगळं.

आणि मग कोपर. पुस्तकाचा हा भाग मी सगळ्यात हळू वाचला. 1964 च्या ऑगस्टमध्ये बेसवर परत झेप घेताना डावा हात आपटला. डॉ. रॉबर्ट केर्लन यांनी संधिवाताचं निदान केलं. त्यानंतरच्या दोन हंगामांत या माणसानं 335 आणि 323 इनिंग टाकल्या! कॉर्टिसोनची इंजेक्शनं, घोड्यांनाही देतात ते ब्युटाझोलिडिन, मिरचीच्या अर्कातून बनणारं कॅप्सोलिन अंगाला चोळायचं, आणि सामना संपला की हात बर्फात. 1965 आणि 1966 चे जे आकडे आपण तोंडात बोट घालून वाचतो ते या खर्चातून आलेत. ‘दुखणं सोसून राबला’ म्हणून आपण टाळ्या वाजवतो. संशोधनाच्या क्षेत्रातही हे चालतं, रात्र-रात्र लॅबमध्ये काढणाऱ्याचं कौतुक, पाठ गेली तरी. मला कोफॅक्सचं कौतुक वाटतं ते 382 पेक्षा नोव्हेंबर 1966 चं. पुढं जगायचंय, हात वापरायचाय, म्हणून ऐन शिखरावर तो उतरला.

इथं नेहमी एक वाक्य येतं : आठ वर्षांनी आलेली शस्त्रक्रिया तेव्हा असती तर... 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डॉजर्सच्याच डावखुऱ्या पिचरच्या कोपराचा लिगामेंट त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून नव्यानं बसवला. जॉन 1976 ला परतला आणि एकूण 288 पैकी 164 विजय त्यानं शस्त्रक्रियेनंतर मिळवले. जबरदस्तच. पण कोफॅक्सचं निदान संधिवाताचं होतं, लिगामेंटचं नव्हे. एकाच्या उपचारानं दुसऱ्याचं कारण सिद्ध होत नाही. चहाच्या टपरीवर चालेल, प्रबंधात नाही.

ज्यांचे आकडेच धड नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. सॅचेल पेज कृष्णवर्णीय म्हणून 1948 पर्यंत मोठ्या लीगबाहेर. क्लीव्हलँडनं घेतलं तेव्हा वय 42, तरी 6 विजय, 1 पराभव. गावोगाव फिरून खेळलेले त्याचे असंख्य सामने अधिकृत हिशेबात नाहीत. निग्रो लीग्जना ‘मेजर’ मानायला 2020 उजाडलं. कोफॅक्सच्या परफेक्ट गेमनंतर सोळा दिवसांनी, 25 सप्टेंबर 1965 ला, 59 वर्षांच्या पेजनं कॅन्सस सिटीसाठी तीन इनिंग टाकल्या, रन शून्य. ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ यादी करणाऱ्या कुणालाही आधी विचारा, तुमचा डेटा कुणी गोळा केला, आणि कुणाचा नाही केला?

तर, पुस्तक वाचावं का? नक्की वाचा, आणि बॉब हेंडलीची पानं सोडू नका. परफेक्ट गेमच्या रात्री शिकागो कब्जकडून तो पिचर होता. त्यानं सबंध सामन्यात एकच हिट दिली, आणि हरला, 1-0. तो एक रनही हिटवर आला नाही : लू जॉन्सन वॉकवर पहिल्या बेसवर, पुढं बंटवर दुसऱ्या, मग तिसरा बेस चोरताना कॅचरचा थ्रो भलतीकडे, आणि जॉन्सन घरी. लीव्ही हेंडलीला अडगळीत टाकत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पाच दिवसांनी दोघे पुन्हा समोरासमोर आले. त्या वेळी हेंडली जिंकला, 2-1.