स्मरणशक्ती वाढवून मिळेल

संगीतावर टीका करणाऱ्याला वाजवता आलंच पाहिजे असं नाही, हे आपल्याकडच्या टीकाकारांनी वेळोवेळी सिद्ध केलेलं आहे. मी तबला वाजवतो असं मी म्हणतो. शेजारी वेगळं म्हणतात. पण आज ज्या यंत्राबद्दल लिहायला बसलोय ते मी स्वतः उघडलंय, बिघडवलंय आणि बंद केलंय. तेव्हा निदान स्क्रू-ड्रायव्हरपुरता अधिकार मला पोचतो.

या यंत्राला लूपर म्हणतात. पायानं कळ दाबायची, चार सूर वाजवायचे, पुन्हा कळ दाबायची. मग ते चार सूर यंत्र गिरवत बसतं. वरून आणखी काही वाजवलं तर तेही पोटात घेतं आणि दोन्ही मिळून गिरवतं. पॅरिसमध्ये पिएर शेफर या गृहस्थानं १९४८ साली तबकडीची खाच अशी बंद केली की सुई त्याच वेढ्यात फिरत राहावी, आणि त्यातून संगीत केलं. आमच्या घरच्या फोनोनं हेच काम सुई अडकवून वर्षानुवर्षं केलं, पण आम्ही त्याच्या डोक्यावर टपली मारत होतो. पुढे रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी दोन टेपरेकॉर्डर एकमेकांना जोडले आणि १९७३ साली त्याची रेकॉर्ड काढली. टेपचं काम मग चिपांकडे गेलं.

माझं यंत्र १९९०च्या दशकातलं. अमेरिकेतल्या भाच्यानं नवं घेतलं आणि जुनं मामाला दिलं. मामा निवृत्त, तबला शिकतोय, नगम्याला माणूस मिळत नाही, त्याला होईल उपयोग, असा हिशेब. त्यात १ मेगाबाइट मेमरी होती, म्हणजे सुमारे १२ सेकंदांचं संगीत. फोनवर हजारो गाणी बाळगणाऱ्या जमान्यात १२ सेकंद म्हणजे शिंक आणि तिच्यानंतरचं 'सॉरी'.

पण मध्यलयीत त्रितालाच्या सोळा मात्रा बारा सेकंदांत बसतात! आमचे अण्णा पेटीवाले, वय वर्षं चौऱ्याऐंशी, जिने चढून आले, चंद्रकंसात एक आवर्तन वाजवलं, मी कळ दाबली आणि अण्णा चहा पिऊन गेले तरी नगमा चालूच. पाचव्या मात्रेला भात्याचा बारीक सुस्कारा येत असे. महिनाभरात तो मला सम ओळखण्याइतका पाठ झाला.

यात एक गोम होती. या यंत्राची स्मरणशक्ती वीज असेपर्यंतच. दिवे गेले की पाटी कोरी. म्हणून मी ते इन्व्हर्टरला लावून ठेवलं होतं आणि दिवसरात्र त्याचा तांबडा दिवा जळत होता. देवघरातला नंदादीप मध्यंतरी विझला, पण हा नाही.

आणि मग मला दुर्बुद्धी झाली. यंत्राची मेमरी १६ मेगाबाइटपर्यंत वाढवता येते, म्हणजे १९८ सेकंद मिळतात, हे वाचनात आलं. लागतात फक्त चार हिरव्या पट्ट्या. नाव सिम, पण मोबाइलमधलं नव्हे. प्रत्येकीला तीस पाय. तपकीर गल्लीत एका दुकानदारानं जुन्या कॉम्प्युटरांच्या ढिगातून पाच काढून दिल्या. पाचवी वर, कोथिंबिरीसारखी.

पट्ट्या बसवायच्या तर वीज बंद करायला हवी, हे मला प्लग काढल्यावर आठवलं. तांबडा दिवा गेला. फोनवर का नाही टेप करून ठेवलंत मामा, असं भाच्यानं नंतर विचारलं. नाही सुचलं.

पुढचे तीन दिवस दुरुस्तीत गेले. पहिल्यांदा यंत्र उठलंच नाही. पट्टी सरळ दाबायची नसते. तिरकी खोबणीत घालून मग उभी करायची, दोन्ही टोकांच्या चिमट्यांनी तिला धरलं पाहिजे. माझ्या दोन पट्ट्या लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारख्या टेकल्या होत्या. त्या बसवल्यावर आकडा आला, पण भलताच. चारांतली एक पट्टी कमी ताकदीची निघाली, आणि यंत्राला चौघी सारख्या लागतात. कोथिंबीर कामी आली. पट्ट्यांचे पाय शाळकरी खोडरबरानं पुसले, प्रत्येक वेळी आधी नळाला हात लावला, कारण अंगातली स्थिर वीज चिपा मारते म्हणतात. अखेर काचेवर १९८ उमटले. मी पेटीवर एका बोटानं नगमा धरला तर प्रत्येक आवर्तनात नवव्या मात्रेवर 'कट्'! यंत्र खाली दाखवू लागलं, असं वाटून क्षणभर ऊर भरून आला. मेमरीतली एखादी जागा मेली की तिथं ठेवलेला सूर दर फेरीला तसाच फुटतो. मग दुकानदाराकडून आणखी एक पट्टी आणून, एकेक बदलत गुन्हेगार शोधला.

तर आता यंत्र निर्दोष झालं, आणि टीका इथून सुरू होते.

१९८ सेकंद म्हणजे तीन मिनिटं अठरा सेकंद. जुन्या ७८च्या रेकॉर्डची एक बाजू साधारण एवढीच. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी या मापात बसली आणि अजून लोकांना रडवते. मी काय बसवलं? साडेसोळा आवर्तनांत एकच नगमा सोळा वेळा, आणि शेवटी अर्धा. म्हणून मग थर चढवले. तंबोरा, टाळ, वाटी, आमच्या हिचं 'जेवायला या'. जगभरच्या लूपरवाल्यांचं मी जे ऐकलंय त्यातलं बरंचसं असंच आहे: एकावर एक थर. दहीहंडीत थर कोसळले तरी उतरतात. इथं तेही नाही. शेवटी कुणीतरी कळ दाबतो, आणि त्याला समाप्ती म्हणतात. शिवाय यंत्र ऐकत नाही. माझी लय ढळली तर अण्णा तिरपं बघून क्षणभर सांभाळून घेतात, आणि मग शिव्या देतात. यंत्र दोन्ही करत नाही.

अण्णांना पुन्हा बोलावलं. या वेळी जिन्यात दोनदा बसले. पेटी पुढे ओढून म्हणाले, "किती वेळ आहे यात?"

"तीन मिनिटं अठरा सेकंद."

"एवढं काय करायचंय रे? तुला एक आवर्तन पुरे."

त्यांनी वाजवलं. तेच आवर्तन, पण बोटं आता पूर्वीसारखी धावत नाहीत. पंचमाला अण्णा स्पर्शही करणार नाहीत, तो चंद्रकंसात नाहीच. पण निषादावर मुळात नव्हता एवढा थांबा आला. मी काच पाहिली. सोळा मात्रांना पंधरा सेकंद. जुन्या मेमरीत शेवटच्या तीन मात्रा मावल्या नसत्या.

फोनवरही घेतलंय. आणि इन्व्हर्टरला पाणी घातलंय.