पोलीस निरीक्षक, इंग्रजी रहस्यकादंबरीतील

लंडनच्या पोलीस दलात १८४२ मध्ये गुप्तचर शाखा स्थापन झाली आणि लवकरच पोलीस निरीक्षक इंग्रजी कादंबरीत अवतरला. चार्ल्स डिकिन्झच्या ब्लीक हाउस (१८५२–५३) मधील इन्स्पेक्टर बकेट हे त्याचे आद्य रूप होय. कॉनन डॉइलच्या होम्सकथांत (१८८७ पासून) मात्र लेस्ट्रेडसारखा निरीक्षक खाजगी शोधकाच्या बुद्धीला उठाव देण्यापुरताच उरला. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्सच्या इन्स्पेक्टर फ्रेंचने वेळापत्रके व जबान्या चिकाटीने पडताळून त्याला गेलेली प्रतिष्ठा पुन्हा मिळवून दिली.

या कादंबऱ्या केवळ कोडी म्हणून वाचणे अपुरे ठरते. खाजगी शोधक रहस्य उलगडून निघून जातो. निरीक्षकाच्या हाती अटकेचा अधिकार असतो. त्यामुळे त्याची चूक हा निव्वळ तर्कदोष राहत नाही. तीत निरपराध माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते. कॉलिन डेक्स्टरचा ऑक्सफर्डमधील मोर्स (१९७५–९९) शब्दकोड्यांचा षोकी असून एकामागून एक चुकीचे सिद्धांत रचतो. त्याची विद्वत्ता त्याला प्रमादमुक्त करीत नाही. इअन रँकिनच्या ब्लॅक अँड ब्लू (१९९७) मध्ये तर एका जुन्या खटल्यातील दोषसिद्धीबाबत संशय निर्माण होऊन खुद्द इन्स्पेक्टर रीबसच चौकशीच्या छायेत येतो. तथापि मालिकानायक म्हणून वाचकाची सहानुभूती निरीक्षकाकडेच राहत असल्याने पोलिसी सत्तेची चिकित्सा बहुधा अर्ध्यावर थांबते. ही या साहित्यप्रकाराची प्रमुख मर्यादा होय.