अनुपस्थित हेडसेट : आभासी वास्तवाच्या सिम्युलेटराधारित निर्मितीची चिकित्सा

आभासी वास्तवाचे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष हेडसेट हाती नसताना विकसित करता येते काय, या प्रश्नाचे उत्तर आज होकारार्थीच द्यावे लागते. अशा सॉफ्टवेअरविषयी कोणता दावा करता येतो, हा प्रश्न मात्र उरतो. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ॲपलच्या व्हिजन प्रो या उपकरणाच्या आधारे त्याची चिकित्सा केली आहे.

व्हिजन प्रोची घोषणा जून २०२३ मध्ये झाली आणि त्याच महिन्यात विकसकांना सिम्युलेटर उपलब्ध झाला. उपकरणाची अमेरिकेतील विक्री मात्र २ फेब्रुवारी २०२४ रोजी, ३,४९९ डॉलर या किमतीपासून सुरू झाली. जुलै २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणी-प्रयोगशाळा क्युपर्टिनो, लंडन, म्युनिक, शांघाय, सिंगापूर व टोकियो येथे होत्या; भारतीय विकसकास त्यांतली सर्वांत जवळची सिंगापूरची. जून-जुलै २०२४ मध्ये अन्य देशांत विक्री सुरू झाली, तेव्हाही त्या यादीत भारत नव्हता. सिम्युलेटर ही येथे सोय नव्हती, बहुतेकांसाठी तो एकमेव मार्ग होता, हे ध्यानात घेऊनच त्याची समीक्षा व्हावयास हवी.

या सिम्युलेटरमध्ये दिवाणखाना, स्वयंपाकघर, संग्रहालय अशी दृश्ये दिवसा व रात्रीच्या प्रकाशात दिसतात. कार्यक्रमाची रचना, खिडक्यांची मांडणी, तर्कातील चुका येथे उत्तम तपासता येतात; एकच प्रसंग पुनःपुन्हा तंतोतंत घडवता येतो, जे माणसाच्या डोक्यावरील उपकरणात सहसा साधत नाही. परंतु प्रत्यक्ष उपकरणात वापरकर्ता नजरेने निवड करतो आणि बोटांच्या चिमटीने ती पक्की करतो. सिम्युलेटरमध्ये नजरेची जागा माऊसचा दर्शक घेतो. दर्शक इवल्याशा बटणावरही अचूक स्थिरावतो. डोळा स्थिरावत नाही. म्हणूनच ॲपलच्या मार्गदर्शिकेत निवडीच्या प्रत्येक घटकाभोवती किमान ६० बिंदूंची जागा राखण्याची सूचना आहे. ही सूचना मोडणारा आराखडा पडद्यावर निर्दोष चालतो आणि डोळ्यांपुढे कोलमडतो. हातांच्या हालचालींचा मागोवा तर या सिम्युलेटरमध्ये मिळतच नाही.

अन्य साधनांची मर्यादा वेगळी आहे. युनिटीच्या सिम्युलेटरमध्ये डोके, डावा हात व उजवा हात हे तिन्ही कळफलक आणि माऊसने हलवावे लागतात. एका हाताने धनुष्य धरून दुसऱ्याने प्रत्यंचा ओढणे, ही पोरासही जमणारी क्रिया तेथे दुर्घट होऊन बसते. परिणामी विकसक नकळत एकहाती खेळच रचू लागतो. साधनाची उणीव अशा रीतीने आशयात उतरते, आणि सिम्युलेटरविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या शिरोधार्य दृश्ययंत्राचे मर्म, डोके वळले की चित्रही त्याप्रमाणे बदलावे, हे होते. सेकंदाला ९० चित्रांचा दर धरल्यास प्रत्येक चित्रासाठी सुमारे ११ मिलिसेकंद मिळतात. ते वेळेत न आल्यास डोळे आणि अंतःकर्ण यांच्या साक्षीत विसंगती निर्माण होऊन मळमळ सुरू होते. सिम्युलेटर मॅकच्या प्रक्रियकावर चालतो. त्यावरील वेगावरून हेडसेटवरील वेगाचा निर्वाळा देता येत नाही. शिवाय खुर्चीत स्वस्थ बसून सपाट पडद्याकडे पाहणाऱ्यास मळमळ होण्याचे कारणच नसते. खोलीचा भास, मानेचा शीण, अंगावर येणाऱ्या वस्तूची भीती यांची नोंद घेणारे शरीरच चाचणीतून वगळलेले असते.

गूगलने २०१४ मध्ये पुढे आणलेली पुठ्ठ्याची पेटी, दोन भिंगे आणि मोबाईल ही जुळणी येथे अगदीच टाकाऊ नाही. नजर व हात यांविषयी ती काही सांगत नाही, पण दोन डोळ्यांची खोली आणि मानेचे वळणे अत्यल्प खर्चात अनुभवास येते. पाहणारा पुढे वाकला तर मात्र तिला ते कळत नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालात ‘चाचणी यशस्वी’ हे दोन शब्द सर्रास आढळतात. हेडसेटविना झालेल्या प्रकल्पास त्यावरून कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. साधन नसणे हा विद्यार्थ्याचा दोष नव्हे. तर्क, मांडणी व आज्ञावलीची शुद्धता यांचे गुण त्यास पूर्ण मिळावेत. सुलभता, वेग आणि शारीरिक सुसह्यता यांच्या रकान्यात मात्र ‘यशस्वी’ऐवजी ‘तपासलेले नाही’ असे लिहिण्याची मुभा परीक्षकाने द्यावी, आणि तसे लिहिले म्हणून गुण कापू नयेत.